दोषारोप, मोजमाप आणि निवड : एच.आय.व्ही.च्या जागतिक अभ्यासातील तीन ग्रंथांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

एच.आय.व्ही.चा अभ्यास हा एकट्या वैद्यकशास्त्राचा विषय कधीच राहिला नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या तपासणीत, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत हा विषाणू प्रथम आढळला. या दोन्ही ठिकाणी रोगनिदानाच्या पाठोपाठ समाजाचा निवाडाही आला. रोग कोणाचा, तो कोणी आणला आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचे होते. तरीही प्रतिबंध आणि उपचार यांची दिशा बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवली.

या प्रश्नांचा विचार देशांच्या सीमा ओलांडून करणारी 'जागतिक आरोग्य' ही ज्ञानशाखा गेल्या तीन दशकांत मुख्यतः एच.आय.व्ही.च्या निमित्ताने आकाराला आली. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये ग्लोबल फंड स्थापन झाला आणि २००३ मध्ये अमेरिकेने आपला स्वतंत्र एड्स निवारण कार्यक्रम जाहीर केला. या संस्थांबरोबर विपुल ग्रंथनिर्मितीही झाली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी तीन ग्रंथांची चिकित्सा करण्याचे योजिले आहे : पॉल फार्मर यांचा 'एड्स अँड ॲक्युझेशन' (१९९२), एलिझाबेथ पिसानी यांचा 'द विज्डम ऑफ होअर्स' (२००८) आणि विन-किम न्गुयेन यांचा 'द रिपब्लिक ऑफ थेरपी' (२०१०). पहिला ग्रंथ हैतीवर, दुसरा प्रामुख्याने इंडोनेशियावर आणि तिसरा पश्चिम आफ्रिकेवर आधारलेला आहे. तिन्ही लेखकांनी प्रत्यक्ष क्षेत्रात दीर्घकाळ काम केले असून त्यांची मते परस्परांशी जुळणारी नाहीत. म्हणूनच त्यांचे एकत्रित वाचन उपयुक्त ठरते.

या चिकित्सेसाठी एकच कसोटी लावली आहे. बाधित व्यक्ती या ग्रंथांत कोणत्या रूपाने येते : सोसणारी म्हणून, मोजली जाणारी म्हणून, मदत मागणारी म्हणून, की स्वतः ज्ञान निर्माण करणारी आणि निर्णय घेणारी म्हणून? प्रतिबंधाचे यश या प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. दोषारोपाचा भूगोल

फार्मर हे वैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांच्या ग्रंथाचे केंद्र हैतीच्या मध्य पठारावरील एक खेडे आहे. ग्रंथात त्याला 'दो काय' असे टोपणनाव दिले आहे. या खेड्याची कथा ते विषाणूपासून सुरू करत नाहीत. ती सुरू होते धरणापासून. १९५० च्या दशकात पेलिग्र येथे धरण बांधले गेले, खोऱ्यातील सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि तेथील शेतकरी उजाड डोंगरउतारांवर फेकले गेले. शेती गेल्यामुळे तरुण मुले-मुली राजधानीत कामाला जाऊ लागली. पुढे एच.आय.व्ही. खेड्यात आला तो याच वाटेने. धरणग्रस्तांचे विस्थापन ज्यांना जवळून परिचित आहे, त्या मराठी वाचकाला ही कारणमीमांसा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दोषारोपाचे स्तर उलगडून दाखवणे हे या ग्रंथाचे सर्वांत मोठे योगदान होय. खेड्यातील शिक्षक आजारी पडला तेव्हा कोणीतरी मत्सराने त्याच्यावर करणी केली, असा संशय घेतला गेला. त्याच सुमारास अमेरिकेत हैतीच्या सर्वच नागरिकांवर बोट रोखले जात होते. १९८३ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने समलिंगी पुरुष, शिरेतून अमली पदार्थ घेणारे आणि हिमोफिलियाचे रुग्ण यांच्या जोडीला 'हैतीवासी' हाही जोखीमगट मानला. एखादे राष्ट्रीयत्व हेच रोगाचे कारण ठरवण्याचा हा प्रकार होता. १९८५ मध्ये हे नाव यादीतून काढण्यात आले; परंतु तोपर्यंत हैतीचा पर्यटनव्यवसाय कोसळला होता आणि अमेरिकेतील अनेक हैतीवासीयांना नोकरी व निवारा गमवावा लागला होता. खेड्यातील करणीचा संशय आणि प्रगत देशातील शास्त्रीय यादी यांना फार्मर एकाच चौकटीत ठेवतात. शास्त्रीय परिभाषाही दोषारोपापासून मुक्त नसते, हे त्यांनी ठामपणे दाखवून दिले.

मात्र या ग्रंथातील एक दुवा आज तपासून घेणे आवश्यक आहे. विषाणू हैतीतून अमेरिकेत गेला, या प्रचलित समजुतीला उत्तर देताना फार्मर बाण उलटा फिरवतात : अमेरिकी पर्यटकांच्या लैंगिक संबंधांतून तो हैतीत आला असावा, असे ते सुचवतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने वेगळे चित्र मांडले. त्यानुसार विषाणूचा संबंधित उपप्रकार १९६६ च्या सुमारास आफ्रिकेतून हैतीत आला आणि नंतर १९६९ च्या सुमारास तेथून अमेरिकेत पोहोचला. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला तेव्हा तेथे प्रशिक्षित मनुष्यबळाची तीव्र टंचाई होती. ती भरून काढण्यासाठी फ्रेंच जाणणारे अनेक हैतीवासी तेथे नोकरीला गेले. हा विषाणूच्या प्रवासाचा संभाव्य मार्ग मानला जातो.

यामुळे फार्मर यांचा मूळ सिद्धांत कोसळतो काय? तसे म्हणता येणार नाही. वसाहतवादाने काँगोत निर्माण केलेली पोकळी आणि तीतून घडलेले स्थलांतर ही त्यांच्याच संरचनात्मक विवेचनाची उदाहरणे आहेत. तथापि, निर्दोषत्वाचा आधार विषाणूच्या दिशेवर ठेवणे धोक्याचे असते, हे येथे स्पष्ट होते. नवा पुरावा आला की असा बचाव ढासळतो. रोग प्रथम कोठे आढळला यावरून कोणाचाही अपराध सिद्ध होत नाही, ही भूमिका अधिक टिकाऊ आहे आणि ती फार्मर यांच्याच लेखनातून निघते.

महाराष्ट्रातही हा भूगोल अनोळखी नाही. 'मुंबईचा रोग' म्हणून त्याची बोळवण करण्यात आली. मुंबईहून आजारी होऊन परतलेल्या नवऱ्याच्या मृत्यूचे खापर घरच्या सुनेवर फोडले गेले. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आपल्या भाषेत विषाणूच्या कितीतरी आधीपासून होता, एच.आय.व्ही.ने त्याला नवा वापर मिळवून दिला. दोषारोपाची सामग्री समाजात आधीच तयार असते, या फार्मर यांच्या प्रतिपादनाचा हा घरचा पुरावा होय.

३. मोजमापाची नीती

पिसानी यांचा सूर अगदी वेगळा आहे. पत्रकारितेतून साथरोगशास्त्राकडे वळलेल्या या लेखिकेने संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमात काम केले आणि नंतर इंडोनेशियात संसर्गाच्या पाहणीची व्यवस्था उभारण्यास हातभार लावला. त्यांचे मुख्य म्हणणे असे : सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका वगळता बहुतेक देशांत एच.आय.व्ही.चा प्रसार लैंगिक सेवांची खरेदी-विक्री, पुरुषांचे परस्परसंबंध आणि अमली पदार्थांच्या सामाईक सुया यांच्याभोवती केंद्रित राहिला. परंतु ही माणसे राजकारण्यांना नकोशी असल्यामुळे त्यांच्यासाठी पैसा मिळेना. म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थांनी साथ सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचे भय दाखवले. आकडे खोटे नव्हते. ते भीती वाटेल अशा रीतीने मांडले गेले. या मांडणीत आपलाही सहभाग होता हे लेखिका लपवत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या टीकेला वजन प्राप्त होते.

भारताच्या अनुभवाने त्यांच्या संशयाला पुष्टी दिली. २००६ पर्यंत देशातील बाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक मानली जात होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीतील रक्तचाचण्या आणि विस्तारित पाहणीकेंद्रे यांच्या आधारे २००७ मध्ये हा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोग चिकित्सालयांतील रुग्ण यांच्या नमुन्यांवर बेतलेला होता. तो संपूर्ण लोकसंख्येला लागू करताना फुगवटा आला. आकडा निम्म्यावर आला म्हणजे निम्मे रुग्ण बरे झाले नव्हते; मोजण्याची रीत सुधारली होती. संशोधकाने आकड्याबरोबर त्याच्या उगमाचीही चौकशी करावी, हा धडा पिसानी परिणामकारकपणे देतात.

सर्वेक्षणातील गट रस्त्यावर जसेच्या तसे भेटत नाहीत, हेही त्या प्रांजळपणे नोंदवतात. जकार्तामध्ये एकच व्यक्ती एका रकान्यात विक्रेता, दुसऱ्यात ग्राहक आणि तिसऱ्यात सुई वापरणारी असू शकते. प्रश्नावली कोठे चुकली हे त्यांना ज्यांची पाहणी चालली होती त्यांच्याकडूनच कळत गेले. हा या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

असे असूनही त्यांच्या विवेचनात एक गंभीर उणीव राहते. बाधित पतीकडून संसर्ग झालेली पत्नी हा त्यांच्या गणितात साखळीचा शेवट असतो, कारण तिच्याकडून विषाणू सहसा पुढे पसरत नाही. पसरण्याच्या हिशेबाने हे खरे मानले तरी भोगण्याच्या हिशेबाने ते अपुरे आहे. पुण्यातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या आणि शरीरविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या. यांतील बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. त्यांचे स्वतःचे वर्तन बदलण्याजोगे काही नव्हतेच. शिवाय साथीच्या आकृतीत जेथे रेघ थांबते, तेथे घरात वैधव्य, मुलांचे आजारपण, संपत्तीतील हक्काचा वाद आणि माहेरी परतणे सुरू होते. दारिद्र्य व स्त्री-पुरुष विषमता यांच्यावरील चर्चेला पिसानी विषयांतर मानतात. निधी योग्य ठिकाणी जावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु निरोध आणि स्वच्छ सुई हातात असूनही त्या वापरण्याचा आग्रह कोण धरू शकते, हा प्रश्न सत्तेचाच आहे.

४. औषधासाठी निवड

न्गुयेन यांचा ग्रंथ उपचारांच्या टंचाईच्या काळाकडे वळतो. १९९६ मध्ये संयुक्त औषधोपचार परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले. मात्र त्याचा वार्षिक खर्च दर रुग्णामागे १०,००० डॉलरहून अधिक होता. १९९८ मध्ये आयव्हरी कोस्टसह काही मोजक्या देशांत मर्यादित प्रमाणात औषधे पुरवण्याचा प्रयोग सुरू झाला. औषधे थोडी आणि गरजू असंख्य, अशा स्थितीत निवड कशी झाली, हा न्गुयेन यांचा विषय आहे.

त्यांचे निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. बाधितांनी पुढे येऊन आपली कहाणी सांगावी, यासाठी मदतसंस्थांनी कार्यशाळा घेतल्या. मन मोकळे करण्याची तंत्रे शिकवली गेली. ज्यांना आपली कहाणी प्रभावीपणे सांगता आली त्यांच्या ओळखी वाढल्या, त्यांना परिषदांची निमंत्रणे मिळाली आणि त्यातूनच काहींच्या हाती औषध आले. जे मूक राहिले, त्यांपैकी बहुतेकांना मृत्यू आला. उपचार मिळण्यास पात्र ठरणे हेच नागरिकत्वाचे एक रूप बनले. त्याला न्गुयेन 'उपचारजन्य नागरिकत्व' अशा आशयाची संज्ञा देतात. बोलते करणे म्हणजे सबलीकरण, हे गृहीतक त्यांनी मुळातून हलवले आहे.

या ग्रंथाचा भर निवडीच्या अनुभवावर असल्याने टंचाई कशी निर्माण झाली, हा प्रश्न पार्श्वभूमीला राहतो. औषधांची ही टंचाई नैसर्गिक नव्हती. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या उत्पादनपद्धतीलाच पेटंट मिळत असे, मूळ औषधाला नव्हे. त्याचा आधार घेऊन मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचे मिश्रण एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केले. किमतीचा डोलारा त्यानंतर वेगाने खाली आला. मात्र ज्या देशात हे औषध बनत होते, तेथील शासनाची मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. निवड आणि वंचितता यांचा अभ्यास पेटंट कायदा आणि अंदाजपत्रक यांना वगळून पूर्ण होत नाही, असे म्हणावे लागते.

तिन्ही ग्रंथांच्या वाचनात आणखी एक कालमर्यादा लक्षात घ्यावी लागते. ते सर्व २०११ पूर्वीचे आहेत. त्या वर्षी, पुणे व चेन्नई ही केंद्रेही ज्यात सहभागी होती, अशा एका बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाधित जोडीदाराला लवकर औषधोपचार सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे तीत दिसून आले. उपचारांतून प्रतिबंध साधेल, या आशेबद्दल पिसानी साशंक होत्या. त्या शंकेची फेरतपासणी आता अटळ आहे. प्रतिबंध आणि उपचार हे निधीसाठी स्पर्धा करणारे दोन विभाग आहेत, ही मांडणी त्यानंतर टिकत नाही.

५. सांगलीची कसोटी

येथपर्यंतच्या विवेचनातून असे दिसते, की फार्मर यांच्याकडे बाधित व्यक्ती इतिहासाचे ओझे वाहणारी, पिसानी यांच्याकडे जोखीम बाळगणारी आणि न्गुयेन यांच्याकडे कहाणी सांगून औषध मिळवू पाहणारी आहे. संघटित होऊन कार्यक्रमाची दिशाच ठरवणारी व्यक्ती मात्र तिन्ही ठिकाणी गौण राहते. ही उणीव किती महत्त्वाची आहे, हे पाहण्यासाठी सांगलीचे उदाहरण घेणे सयुक्तिक ठरेल.

मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सांगलीत 'संग्राम' अर्थात संपदा ग्रामीण महिला संस्थेचे काम सुरू झाले. वस्तीतील स्त्रियांनीच वस्तीत निरोध वाटावेत आणि वापराविषयी बोलावे, ही तिची कार्यपद्धती होती. या कामातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. हे नाव लक्षणीय आहे. सभ्य समाजाने शिवी म्हणून वापरलेला शब्द या स्त्रियांनी आपल्या संघटनेच्या नावात अग्रभागी घेतला आणि त्याच्या शेजारी अन्याय हा शब्द ठेवला. फार्मर ज्या दोषारोपाचे विश्लेषण करतात, त्याला हे दोषारोप सोसणाऱ्यांनी दिलेले उत्तर आहे. निरोधाविषयी ग्राहकाशी एकटीने घासाघीस करणे आणि साऱ्या वस्तीने एकच नियम पाळणे यांत जो फरक आहे, तो पिसानी यांच्या वर्तनाच्या चौकटीत पूर्णपणे मावत नाही.

२००३ च्या अमेरिकी कायद्याने निधी घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करण्याची अट घातली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर प्रतिबंधाचे काम उभे होते, त्यांच्याच विरोधात प्रतिज्ञा करावी, अशी ही मागणी होती. २००५ मध्ये 'संग्राम'ने हा निधी नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलनेही सुमारे ४ कोटी डॉलरच्या मदतीवर पाणी सोडले. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तेथील संस्थांच्या बाबतीत घटनाबाह्य ठरवली. परंतु २०२० च्या निर्णयात परदेशी संस्थांना हे संरक्षण मिळणार नाही, असे स्पष्ट केले. एकाच न्यायालयाने एकाच अटीबाबत देणाऱ्या देशातील आणि घेणाऱ्या देशांतील संस्थांना दोन निराळी मापे लावली. 'जागतिक' या विशेषणात कोणाचे जग अभिप्रेत असते, हे समजण्यासाठी हे दोन निकाल एकत्र वाचावेत.

अर्थात एका जिल्ह्याच्या अनुभवावरून सार्वत्रिक सिद्धांत मांडणे उचित नव्हे. संघटना उभारण्यास वेळ लागतो. घराच्या चौकटीत एकाकी असलेल्या विवाहितेला अशी संघटना सहज उपलब्ध नसते. गुप्ततेची गरज आणि एकत्र येण्याची गरज यांत ताणही असतो. या मर्यादा मान्य करूनही एवढे निश्चित म्हणता येते, की बाधितांचे संघटित ज्ञान हा प्रतिबंधाचा पूरक घटक नसून त्याचा आधार आहे.

६. समारोप

या तीन ग्रंथांनी उपस्थित केलेले प्रश्न कालबाह्य झालेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते आणि त्यांपैकी सुमारे ३ कोटी १६ लाख लोकांना औषधे मिळत होती. त्या एका वर्षात १३ लाख नवे संसर्ग झाले. भारताचा २०२३ चा अंदाज सुमारे २५ लाखांचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा अनेक देशांतील चिकित्सालयांचे काम अकस्मात खंडित झाले. वर्षातून दोनदा टोचून संसर्ग टाळणारे लेनाकापाविर हे औषध जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी मंजूर झाले. तेथील त्याची वार्षिक किंमत २८,००० डॉलरहून अधिक आहे. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ते कमी व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये पुरवतील, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही ते कोणाला मिळेल, हा न्गुयेन यांचाच प्रश्न आहे. कोणाला प्रथम द्यावे हे ठरवताना पिसानी यांचे नेमके मोजमाप उपयोगी पडेल, आणि ज्यांना ते मिळेल त्यांच्यावर नवा शिक्का बसू नये यासाठी फार्मर यांचे स्मरण ठेवावे लागेल.

म्हणून एच.आय.व्ही.च्या अभ्यासकाने या तिघांपैकी एकाची निवड न करता त्यांना एकमेकांच्या उणिवा दाखवू द्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. मराठीत या विषयावर प्रबोधनपर पुस्तिका पुष्कळ आहेत. परंतु पुणे, सांगली, मुंबई येथील संशोधन आणि संघटन यांचा एकत्रित, चिकित्सक इतिहास लिहिला जाणे आवश्यक आहे. तो लिहिताना वस्तीतील स्त्रिया, बाधितांचे गट आणि औषधकेंद्रांवरील समुपदेशक यांच्याकडे केवळ माहितीचे साधन म्हणून पाहून चालणार नाही. काय विचारावे हे ठरवण्यातही त्यांचा वाटा असला पाहिजे. महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांना हे काम संयुक्तपणे हाती घेता येण्यासारखे आहे.